मिठाचा मोजा

स्टिलहाउस खोरं, वेस्ट व्हर्जिनिया
१९ जानेवारी २००३

ती. सौ. वर्नाताईस,
कॉर्बिनचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारणारच. फोन मी भिंतीतून उपटला. ट्रेसाला लावला होता. तिच्या बापाने माझं नाव ऐकताच ठेवून दिला. मग डोकंच फिरलं. हसून घे. तिच्यासाठी अर्धं कॉलेज टाकून आलो तेव्हाही आधी हसलीच होतीस, रडलीस नंतर.

बाबांची बातमी मात्र चांगली आहे. हाडातला कॅन्सर त्यांना दोन महिने कुशीवर वळू देत नव्हता आणि गोळ्या पोटात टिकत नव्हत्या. म्हणून डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची पट्टी दिली आहे, औषध अफूच्याच जातीचं. ते घ्यायलाच तयार नव्हते. खाणीतला त्यांचा जोडीदार असल्याच औषधापायी घरातलं सगळं विकून बसलाय ना. म्हणे, कण्हत मरेन, पण तसला होणार नाही. मी भांडलो, ओरडलो, शेवटी पाया पडलो, तेव्हा लावू दिली. तिसऱ्या दिवशी स्वतः दाढी केली त्यांनी आणि मला उनाड म्हणाले. इतकं बरं वाटलं सांगू.

पट्टी आणायला गेलो तर औषधाच्या दुकानात काउंटरमागे ट्रेसाच, तिथेच कामाला आहे. तिने तीन गोष्टी सांगितल्या. पट्टी दर तीन दिवसांनी बदलायची, नव्या जागी. जुनी दुमडून संडासात सोडायची, कचऱ्यात नाही, लोक उचलून नेतात. तिसरी मला आठवत नाही. तिच्या बोटात अंगठी आहे का ते बघत होतो. नाहीये.

परवापासून कडाक्याची थंडी आहे. बाबांची पाठ आखडते म्हणून आजीचा उपाय करतोय: तव्यावर जाडं मीठ तापवायचं, लोकरी मोज्यात भरायचं, गाठ मारून पाठीवर पट्टीपाशी ठेवायचं, तिथेच दुखतं ना. इतके गाढ झोपतात आता. काल उसळीचा घास तोंडात तसाच ठेवून झोपले. घोरणंही वेगळंच, मध्येच थांबतं. ओठ थंडीने निळसर दिसतात, म्हणून आज दोन मोजे ठेवले.

माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
कॉर्बिन

कोलंबस, ओहायो
२२ जानेवारी, दुपार

चि. कॉर्बिन यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता आलं. हे तुला वेळेवर मिळणार नाही हे ठाऊक असून लिहितेय, कारण फोनपाशी नुसतं बसवत नाही.

तिसरी गोष्ट ऊब, कॉर्ब. पट्टीला ऊब लागू द्यायची नाही. ऊब लागली की औषध भराभर अंगात उतरतं. ती झोप नव्हे, श्वास मंदावतोय. इथे म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नवीन पोरींना मी हेच पहिल्या दिवशी शिकवते. आणि तो मोजा? तुझा कान दुखायचा तेव्हा मीठ कसं तापवायचं, ते तुला मीच शिकवलं होतं.

घरचा फोन मेलेला. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, रस्त्यावर बर्फ आहे, चाळीस मिनिटं लागतील. मग दुकानात फोन केला. खोऱ्याच्या तोंडाशी फोन असलेलं तेवढं तेच. ट्रेसाने दोन वाक्यांत ओळखलं. तिला वाटत होतं, तू सगळं ऐकलंस. मान तर हलवत होतास. बापाच्या गाडीची किल्ली कुठे आहे, असं कुणाला तरी विचारताना ऐकू आलं आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला. अजून कुणी उचललेला नाही.

बाबांना शिक्षा म्हणून तुझं तोंड बघायचं बाकी आहे. देव करो आणि ते बघोत.

तुझी,
वर्ना

स्टिलहाउस खोरं
२७ जानेवारी

ती. सौ. वर्नाताईस,
सा. न. वि. वि.

हॉस्पिटलातून फोनवर मी नुसतं 'आहेत' एवढंच म्हणू शकलो. बाकीचं आज.

ट्रेसा कोटाशिवाय आली. दोन्ही मोजे ओढून माझ्या अंगावर फेकले, पट्टी सोलून काढली आणि घड्याळ धरून श्वास मोजायला लागली. मिनिटाला पाच. मग मला म्हणाली की रडून झालं असेल तर त्यांना हलव, हाक मार, झोपू देऊ नकोस. मी हाका मारत राहिलो. त्या दोन मोज्यांतलं मीठ तिनेच बाहेरच्या पायऱ्यांवर ओतलं, बर्फ वितळून स्ट्रेचर वर यावं म्हणून. आलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि बाबा जागे झाले. ताई, औषधाचा अंमल उतरला तसं सगळं दुखणं एकदम परत आलं. तसं ओरडताना मी त्यांना खाण कोसळली तेव्हाही ऐकलं नव्हतं. तेव्हा कळलं, ती पट्टी काय काय दाबून धरत होती.

दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं. आता डॉक्टरांनी कमी जोराची पट्टी दिली आहे. मी नको म्हणालो. बाबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, भ्यायचं असेल तर लांब उभा राहून भी. लावायला हात मात्र तुझेच पाहिजेत. लावली.

काल नवं पाकीट आणायला गेलो. मागे पाच माणसं. ट्रेसाने पाकीट हातातच धरलं आणि तिन्ही गोष्टी पाठ म्हणायला लावल्या, मोठ्याने. म्हटल्या, तिच्याकडे न बघता. मग पाकीट सरकवत म्हणाली, चौथी राहिली: फोन बसवून घे, मी रोज सहाला त्यांचा श्वास विचारणार आहे.

बसवला. आत्ता पावणेसहा. बाबा जागे आहेत आणि फोन पहिले आपण उचलणार म्हणून हटून बसलेत.

तुझा, अजून तुझ्या मायेला पात्र व्हायचा,
कॉर्बिन