व्हिसावर एकटीचं नाव

प्रिय ठमाबाई,

तू नीट जेवतेस, अभ्यास करतेस आणि माझा विषय निघाला की उठून गॅलरीत जातेस, असा मावशीचा निरोप मिळाला. फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, मुंगळे चालल्यासारखं. सावकाश वाच.

घर फार शांत झालंय. सकाळी सवयीने तुला हाका मारते आणि एकटीच ओशाळते. परवा कामावरून आले आणि स्वतःशीच इंग्रजी बोलत बसले. परदेशात पेशंट सांभाळायच्या नोकरीसाठी मला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, तेव्हा तू चष्मा नाकावर ओढून मोठी साहेबीण व्हायचीस आणि मला उलटसुलट प्रश्न विचारायचीस. ‘आय हॅव पेशन्स’ म्हणायचं ते मी ‘आय हॅव पेशंट’ म्हणाले, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. दोन्ही आहेत की माझ्याकडे, असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण पास झाले ती तुझ्यामुळे.

घड्याळवाल्या आजोबांची हकिकत तुला अर्धीच सांगितली होती. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचं सगळं मीच करते. अंघोळ, भरवणं, कुशीवर वळवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल-पावडर. अनुभवाचा दाखला त्यांच्या सुनेकडून हवा होता आणि ती रोज ‘उद्या देते’ म्हणायची. तिचं तरी काय चुकलं? मी गेले की तिला नोकरी सोडून घरी बसावं लागणार. मी मागायचंच सोडलं. मग एक दिवस मी भरवत असताना ती खोलीत आली. आजोबांनी घास गिळला, चांगला हात माझ्याकडे केला आणि तिला म्हणाले, ‘दे.’ आजारपणानंतर इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ती तिथेच रडायला लागली. संध्याकाळी दाखला मिळाला. तेव्हापासून मी खोलीत शिरले की आजोबा भिंतीकडे तोंड करतात. घास पुढे केला की मात्र तोंड उघडतात.

मुलाखतीत पडद्यावरच्या बाईंनी विचारलं होतं, अंघोळ घालताना पेशंट मारायला लागला तर काय कराल? मी म्हटलं, टॉवेल त्याच्याच हातात देते, हाताला काम मिळालं की राग जरा निवतो. नाहीच निवला तर बाहेर जाऊन थांबते आणि थोड्या वेळाने परत येते. त्या म्हणाल्या, तुम्ही अनुभवी आहात. ठमे, मला आजवर आया म्हणालेत, मावशी म्हणालेत, ‘ती बाई’ तर सगळेच म्हणतात. अनुभवी कुणी म्हणालं नव्हतं. तू मला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलंस आणि लगेच नकाशात तिकडच्या शाळा शोधायला बसलीस.

आणि मग एजंटने पासपोर्ट हातात ठेवत सांगितलं, नियम बदललाय, या कामाच्या व्हिसावर आता मुलांना नेता येत नाही. तू माझ्या शेजारीच होतीस. त्याच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिलीस. घरी आलीस आणि माझ्यासाठी आणलेल्या नव्या बॅगेत स्वतःचे कपडे भरून मावशीकडे निघून गेलीस. मी अडवलं नाही. काय सांगून अडवणार होते?

मावशी तुझी समजूत घालतेय, की आईचा नाइलाज आहे गं, तुझ्यासाठीच चाललीय ती. ती मायेने म्हणते, पण ते पुरतं खरं नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून तू मला माफ करावंस हे मला नको. आपलं इथे भागतंय. मला जायचंय. तुझ्याशिवाय राहणं मला फार जड जाणार आहे, आणि तरीही मला जायचंय. हे तुझ्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र. रविवारी मी मावशीकडे येते. दार तू उघड. तोंडाला येईल ते बोल, मी ऐकून घेईन. ‘जाऊ नकोस’ म्हणालीस, तर नाही जाणार. पण ठमे, तसं म्हणू नकोस.

रागावलीस तरी तुझीच,
आई