काळी चारची पट्टी

महाळुंगे पडवळ,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कल्याणीस,

आण्णाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, संस्कृतीला गोड पापा.

इकडे सगळे ठीक आहे. काकड्याची समाप्ती झाली. बटाट्याला दुसरे पाणी दिले. तुझ्या आईचा गुडघा थंडीने धरतो, पण ती ऐकत नाही. ऊसतोड सुरू झाल्यापासून बिबट्या ओढ्याकाठी हिंडतो आहे, परवा शेजारच्या वैजयंतीची शेळी नेली.

फोन सोडून पत्र का, असे तुला वाटेल. फोनवर आई शेजारी असते. आणि तू "बोला ना आण्णा" म्हणालीस की मी पिकापाण्याचे बोलून फोन ठेवतो.

संस्कृती दिवाळीला इथे होती तेव्हाची गोष्ट. बिबट्यामुळे दिवे लागले की तिला अंगणात सोडता येत नव्हते, म्हणून ती टीव्हीपुढे बसायची. तिची एक मालिका आहे. शाळेतली मोठी पोरं, भांडतात, प्रेमात पडतात आणि मध्येच सगळी गायला लागतात. आहे परदेशातली, पण बोलतात हिंदीत. तुझी आई म्हणायची, "ह्यांना घरी काय कामधंदा न्हाई का? उठली की गात्यात!" मी मात्र पोरीजवळ बसून बघायचो.

ती निघायच्या आदल्या दिवशीच्या भागात एक मुलगी स्पर्धेत गाणार असते. ती मंचावर येण्याआधी विजेवरचा बाजा वाजवणारा पोरगा, तिचा मित्रच, हळूच एक बटण दाबतो. ती गाणे उचलते, वर जाताना तिचा आवाज फुटतो आणि सगळे हसतात.

"आबा, त्याने बटण का दाबलं?"

"पट्टी चढवली. गाणं जिथून उचलायचं तो सूरच वर नेला."

तिला कळेना, म्हणून मी पेटी काढली. एक ओळ आधी काळी चारमध्ये म्हणायला लावली, मग तिच्याहून वरच्या पांढरी सातमध्ये. वरच्या जागेला तिचा आवाज चिरकला तशी ती खुदकन हसली, आणि मग एकदम उसळून म्हणाली,

"म्हणजे तिला येत होतं! त्याने मुद्दाम पाडलं तिला. किती घाण आहे तो!"

मी भाता लावून टाकला. पेटी झाकत होतो तेव्हा ती म्हणाली, "मला पण गॅदरिंगला गायचंय. मम्मी नको म्हणते. आपल्या घरात ऐन वेळी आवाज फुटतो म्हणे. मग लोक हसतात."

कल्याणी, हे तू तिला सांगितलेस? रागावून विचारत नाही.

इथपर्यंत लिहून मी गोठ्यात जाऊन आलो. म्हशीला वैरण टाकली. ती टाकायची वेळ झाली नव्हती. आता लिहितो.

भैरवनाथाच्या सप्ताहात तू गौळण म्हणणार होतीस. तेरावे वर्ष तुझे. महिनाभर आपण ती काळी चारवर बसवली होती. आदल्या दिवशी भगवंत, तेव्हाचा भजनी मंडळाचा प्रमुख, मला पारावर म्हणाला, "सोपानराव, पोरगी मोठी झाली. आता लोकं ऐकाया न्हाई, बघाया येत्यात. थांबवा तिला." मला त्याला उलट बोलता आले नाही. घरी आलो तर तू आईशी गजऱ्यासाठी भांडत होतीस. तुला थांब म्हणायचीही हिंमत झाली नाही.

मांडवात मी पेटीवर पांढरी सात धरली. तीन सूर वर. तू पेटी ऐकलीस आणि काही न विचारता सूर उचललास.

अंतऱ्याला तुझा आवाज फुटला. पुढे बसलेल्या पोरी हसल्या. तू माझ्याकडे पाहिलेस, तेव्हा मी भात्याकडे बघत होतो. भगवंत कानाशी लागून म्हणाला, "बघा, देवानंच मार्ग काढला." तो आता या जगात नाही. मी त्याच्यावर ढकलत नाही, देवावर तर नाहीच. बोटे माझी होती.

घरी येताना तू म्हणालीस, "आण्णा, माज्यामुळं तुमची मान खाली गेली." मी म्हणालो, "या वयात फुटतो आवाज. आता नको गाऊस." तू खरेच गायली नाहीस. लग्नात उखाणासुद्धा पुटपुटत घेतलास.

दर सप्ताहात मी हे देवापुढे कबूल करतो. तिथे सोपे जाते. तो काही विचारत नाही.

संस्कृती गेल्यावर पुढचा भाग मी एकट्याने पाहिला. त्या पोराने सगळ्यांसमोर सांगून टाकले. ती रडली, मग दोघे मिळून गायले, संपले. मला राग आला. त्यांचे एका गाण्यात मिटले. तुझी चौदा वर्षे मी कुठून आणू?

काल फोनवर संस्कृती म्हणाली की गॅदरिंगची नावे येत्या शनिवारपर्यंत द्यायची आहेत. आणि विचारले, "आबा, त्याने नंतर तिला सांगितलं का?" मी म्हणालो, "बघायचं राहिलं बाळा." त्या एवढ्या पोरीशीही खोटे बोललो. म्हणून आज लिहायला बसलो. उद्या घोडेगावला तहसीलचे काम आहे, तिथून स्पीड पोस्टने टाकतो.

माफी मागत नाही. ती मागणे माझ्याच सोयीचे होईल. तू इथे येणे बंद केलेस तरी मी आईला कारण सांगेन, खरे तेच. पण पोरीचे नाव दे. तुझा आवाज कधी फुटला नव्हता. दार लावून एकदा काळी चारमध्ये म्हणून बघ.

आणि संस्कृतीला सांग, त्याने सांगितले. कोणी, कोणाला, ते तू ठरव. फार उशिरा सांगितले, हेही सांग.

तुझी पट्टी पक्की ठाऊक असलेला,
आण्णा