जावयाच्या जामिनाची माझी पद्धत

रविवार, ४ फेब्रुवारी १९९६. लासुर्णे. दुपारी ३.०५

घटनाक्रमाने लिहितो. या गावात क्रम पाळणारा मी एकटाच.

सकाळी ७.१०. दूध संकलन केंद्र. केंद्रचालक गेणबा म्हणाला, साहेबराव, दुधात पाणी हाय. मी स्वतःचा लॅक्टोमीटर बाळगतो. बारामतीहून आणलेला, काचेचा. रीडिंग दाखवलं. गेणबा हसला. चौथी नापास माणूस काचेच्या उपकरणाला हसतो.

सोबत जावई युवराजराव होते. पणदऱ्याला झेडपीच्या शाळेत मास्तर. रविवार म्हणून आमच्या लेकीला, पिंकीला घेऊन आलेले. मी म्हणालो, हाणा. ते म्हणाले, जाऊ द्या, अप्पा. मी दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ७.१२ झाले होते. मग त्यांनी कॅन खाली ठेवला, झाकण नीट लावलं आणि एक दिली. दात पडला. एकच. वरचा, डावीकडून दुसरा.

दुपारी २.२०. युवराजरावांना अटक.

फौजदार म्हणाले, गुन्हा जामीनपात्र आहे, सातबारा आणा, जामीनदार म्हणून सही करा, संध्याकाळच्या चहाला जावई घरी. मला हसू आलं. पोलीस इतकं सोपं कधीपासून सांगायला लागले? जामीन घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला. सही करणार नाही असं तोंडावर सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पॉइंट बसला.

सायं. ६.३०

पिंकी रडते आहे. मास्तर माणूस अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की आपोआप सस्पेंड, असं शाळेतल्या कुणीतरी तिला सांगितलंय. म्हणजे मंगळवार, दुपारी २.२०. हातात ४३ तास ५० मिनिटं आहेत. भरपूर.

पणदऱ्याला व्याह्यांना कळवायचं नाही, अशी ताकीद दिली. जावयाला मी सोडवणार. आमच्या मंडळींचं, म्हणजे ताईबाईचं म्हणणं, "सही करून या की. हात झिजतो का?" हिचा कायद्याचा अभ्यास शून्य. माझा सातबारा ट्रंकेत घातला, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला.

संकल्प: उद्या बारामतीला जाऊन उत्तम वकील निवडणे. प्रश्नावली तयार. प्रश्न सतरा.

सोमवार, ५ फेब्रुवारी. बारामती. सकाळी ११.००

वकील पहिला. दुसऱ्याच प्रश्नाला मला उलट विचारतो, कलम कोणतं लावलंय? परीक्षा घ्यायला मी गेलो होतो. नापास केला.

वकील दुसरा. म्हातारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, तुम्हाला वकील नकोय, जामीनदार हवाय, आणि तो तुम्हीच आहात, एसटी पकडा. घरी चालून आलेलं काम परतवून लावतो तो वकील कसला. भित्रा.

वकील तिसरा. आठव्या प्रश्नाला आत जेवायला गेला. नवव्यासाठी अर्धा तास थांबलो. आला नाही.

इंदापूर. दुपारी ३.१०

कोर्टाचं आमचं काम बाराला उरकलं होतं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं म्हणे, जामीन दिला, जामीनदार कुठाय? युवराजराव म्हणाले, सासरे वकील निवडायला बारामतीला गेलेत. कोर्टात हशा झाला, असं शिपायाने मला मुद्दाम सांगितलं. युवराजरावांची रवानगी सबजेलमध्ये.

व्हरांड्यात अ‍ॅडव्होकेट प्रियदर्शनी भेटली. निमगाव केतकीच्या बुद्धघोषची मुलगी. आठवीत माझा पहिला नंबर, त्याचा दुसरा. मी पुढे स्वतःच्या बळावर शिकलो. तो कॉलेजात गेला, कारण त्याला स्वतःहून काही जमत नव्हतं. तिला आपण होऊन एक संधी दिली. पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, "काका, जामीन म्हणजे कबुली नाही. बोलावलं की हजर राहीन, एवढाच शब्द द्यायचा असतो. गुन्हा केला की नाही, ते नंतर खटल्यात ठरतं. तुम्ही फक्त सातबारा आणा."

बोलताना एकदाही पुस्तक उघडलं नाही. पाठांतर करून बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. वय अठ्ठावीस. बॉलपेन खिशाला नाही, केसात.

सायं. ६.००. घरी

चार वकील, एकही लायक नाही. आता मीच.

माझं कायद्याचं जाड पुस्तक काढलं. बारामतीच्या बाजारात घेतलेलं. पहिली चाळीस पानं नाहीत, पण ती प्रस्तावना असते. पान ११२ वर सापडलं: अटकपूर्व जामीन. अटकेच्या पूर्वीचाच जामीन मिळाला, की अटक झालीच नाही असं ठरतं. अटकच नाही तर अठ्ठेचाळीस तास मोजणार कुठून? हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

ताईबाई न जेवता पिंकीशी कुजबुजते आहे. करू दे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी. इंदापूर. दुपारी १.३०

विजय.

सकाळी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून अर्ज टाइप करून घेतला. सहा पानं. मूळ प्रत कोर्टाला. कार्बन प्रती माहितीसाठी: पोलीस ठाणे, तहसीलदार, दूध संघ. सर्व तपशील दिले. जावई आज्ञाधारक आहेत हे सिद्ध व्हावं म्हणून पान ३ वर वेळेसकट सगळं सविस्तर मांडलं. टायपिस्ट मध्येच थांबून म्हणाला, तात्या, हे टाकायचंच का? टायपिस्टला काय कळतंय.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, "मानूस आत हाय, तुमी अटकेच्या आधीचा जामीन मागताय व्हय?" त्याला पान ११२ वाचायला सांगितलं. माझ्या मागे रांग वाढली, तेव्हा त्याने पोचपावतीचा शिक्का मारला. वेळ ११.४०.

युवराजराव सुटले १.०५ ला. शिक्क्यापासून एक तास पंचवीस मिनिटं. मुदतीच्या पंचाहत्तर मिनिटं अगोदर.

जेलच्या दाराशी ताईबाई, पिंकी आणि ती वकीलबाई कशा काय उभ्या होत्या कोण जाणे. ताईबाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तिच्या माहेरच्या दोन एकरांचा सातबारा. कसलीशी सही केली म्हणे कोर्टात. असो. बायकांना आपणही काही केलं असं वाटलं पाहिजे. युवराजराव ताईबाईच्या पाया पडले. मग माझ्याकडे पाठ फिरवली. भरून आलं असणार.

बुधवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ९.१५

युवराजराव पहिल्या एसटीने पणदऱ्याला गेले. शाळेत वेळेवर हजर. पिंकीही गेली. जाताना म्हणाली, अप्पा, पुढच्या रविवारी आम्ही येत नाही. अभ्यासक्रम मागे पडला असेल.

संकल्प: ओसरीवर मोफत कायदे सल्ला केंद्र. बोर्डासाठी पत्रा पाहून ठेवला. मजकूर: "जामीन, अटकपूर्व जामीन. वकिलांनी नाकारलेल्या केसेस." शेवटचं वाक्य बदलावं. वकिलांना मी नाकारलं होतं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी. पोलीस ठाणे, बाकावर. सकाळी ११.२०

फौजदारांचा निरोप आला होता. अभिनंदन असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला.

टेबलावर माझा अर्ज. पान ३. लाल रेघा. फौजदारांनी मोठ्याने वाचलं: "जावई नको म्हणत असताना मी स्वतः त्यांना ७.१० ते ७.१२ या वेळेत तीनदा 'हाणा' असे सांगितले." मग विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत? शब्द न् शब्द, मी म्हणालो, आणि वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे अचूक आहे.

मारहाणीला चिथावणी. आरोपी क्रमांक दोन.

इथे चूक दाखवणं भाग होतं. हाणा मी ७.१० ला म्हणालो, दात ७.१२ ला पडला. क्रमाने पाहिलं तर क्रमांक एक मी. फौजदारांनी पेन उघडलं. मग त्यांनी तेही लिहून घेतलं.

दुपारी १२.१०

हाही गुन्हा जामीनपात्र आहे. सही आणि एक जामीनदार. ट्रंकेतला माझा सातबारा मला स्वतःला चालत नाही. हवालदाराला घरी ताईबाईकडे पाठवलंय.

जामिनाचा फॉर्म पुढ्यात आहे. चार वेळा वाचला. बोलावल्यावर हजर राहीन, एवढंच लिहिलंय. कबुली कुठेही सापडत नाही. मागची बाजूही पाहिली. कोरी आहे.

दुपारी १.४०

हवालदार परत आला. ताईबाईचा निरोप: सकाळच्या दुधाला गेणबानं सहा पॉइंट आठ फॅट लावली, दूध चांगलं हाय म्हणाला. आता वैरण कापायची हाय, मग धारा, मग दूध घालून सवडीनं येते.

आणखी काही म्हणाली का, विचारलं. हवालदाराने आधी टोपी नीट केली.

"म्हनाल्या, तवर त्यास्नी कागद द्या. अर्ज लिवत बसू द्या."