खुर्चीत कोण होतं

दि. १९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला ‘वन्सं’ म्हटलेलं आवडत नाही, माहीत आहे. जहाजाचं इंजिन सांभाळणाऱ्या बाईला कसलं वन्सं म्हणायचं, असं तुम्ही दर पत्रात लिहिता. पण मी या घरात आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून दारात उभ्या होतात, तेव्हापासूनची जिभेची सवय आहे, आता मोडायची नाही. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहितात तितपत ठीक.

तुमचं पत्र परवा मिळालं. मी वाचलं, मग ह्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. दादांनी पकडलेल्या माशाची गोष्ट तुम्ही जहाजावर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलीत आणि कधी न हसणाऱ्या तुमच्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, या ठिकाणी तर मला दर वेळी थांबावं लागतं. हे म्हणतात, “थांब जरा. उभं राहून म्हणालीस ना?”

शेजारच्या मास्तरांची मात्र दया येते. त्यांनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की आता ते चुका काढतात. काल म्हणाले, “अहो, गेल्या आठवड्यात मासा दहा फुटांचा होता. आज बारा कसा झाला?” हे काय म्हणाले असतील? “गेल्या आठवड्यात त्यानं अंग पुरतं ताणलं नव्हतं.”

माझं काम चालू आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवं यंत्र आलंय, चादरी पिळून देतं. पण महिन्यातून आठ दिवस ते रुसून बसतं आणि मग आम्ही बायका जुन्या पद्धतीनं दोन टोकांना उभ्या राहून पिळतो. न्हाणीघरातली फरशी अखेर बसवून घेतली. खिडकीतल्या तुमच्या रोपाला कीड लागली होती, आता बरं आहे.

तुम्ही विचारलंय की माशाचं पत्र माझ्या अक्षरात का होतं. ह्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. एवढंच.

तुमच्या दादांच्या पुस्तकांच्या वेडाबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं! पण तुम्ही पाहिलं नसेल ते मी पाहिलंय. डबा घेऊन पंप हाऊसवर जायचे, तेव्हा दोन मोठ्या पंपांच्या मधल्या स्टुलावर हे बसलेले असायचे. एक डोळा दाबाच्या काट्यावर, दुसरा पुस्तकात. एवढ्या घरघराटात माणूस वाचतो कसा, मला कळायचं नाही. बेटं, वादळं, बंड केलेले खलाशी, बोटीपेक्षा मोठे मासे. लायब्ररीवाल्या बाई पानांवरचे तेलाचे ठसे बघून म्हणायच्या, हे तुमच्या यजमानांनी आधी नेलेलं दिसतंय. आणि संध्याकाळी तीच गोष्ट ते तुम्हाला सांगायचे. जहाज बुडाल्याशिवाय तुम्ही घास गिळायचा नाहीत. मी म्हणायचे, अहो, बुडवा ते एकदाचं, भात गार होतोय.

सासरे गेल्यावर ज्या मुलानं त्यांच्या जागी पंपावर उभं राहून आख्ख्या शहराला पाणी पाजलं, त्यानं समुद्र मात्र पाहिला नव्हता. तुम्ही पाहिलात, तुम्ही तर त्यावरच राहता. म्हणून निवृत्तीची भेट म्हणून तुम्ही आम्हा दोघांसाठी त्या मासे पकडायच्या बोटीवरचा दिवस ठरवलात, तेव्हा हे दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत. मला वाटलं रागावले. नंतर कळलं, माणूस घाबरला होता.

*

वरचं काल लिहिलं. आज दुपारी मास्तर ह्यांना बागेत फिरायला घेऊन गेलेत, म्हणून पुन्हा बसले आहे. आधी एक गोष्ट सांगून टाकते. चष्म्याची काडी मोडलेली नाही. चष्मा धडधाकट आहे.

आता बोटीवर काय झालं ते ऐका.

कप्तान अबोल होता, नाकाची सालं निघालेला. मदतीला त्याचा मेव्हणा. दोघांचं आपापसात पटत नव्हतं, पण काम एका हातानं केल्यासारखं करायचे. बोटीच्या मागच्या बाजूला एक भक्कम खुर्ची, फळ्यांना बोल्ट मारून बसवलेली, गोल फिरणारी. कप्तानानं विचारलं, “खुर्चीत कोण बसणार?” हे म्हणाले, “मी.” नवी टोपी होती डोक्यावर. मी मागच्या बाकावर डब्याची पिशवी सांभाळत बसले.

बराच वेळ काहीच नाही. बोट चालते आहे, मागे गळाची आमिषं पाण्यावर उड्या मारताहेत, आणि हे मला समजावताहेत की देवमासा श्वास कसा घेतो. मेव्हणा म्हणाला, “साहेब, इकडे देवमासे नाहीत.” हे म्हणाले, “माहीत असलेलं बरं.”

आणि मग गळाच्या काठीवरचं रीळ किंचाळलं. दुसरा शब्द नाही. दोरी अशी सुटली की मला वाटलं बोटीचं काही तरी उसवलं. मेव्हण्यानं काठी ह्यांच्या पुढ्यातल्या खाचेत बसवली, पट्टा आवळला, कप्तान ओरडला, “गुंडाळा!” लांबवर पाणी फुटलं आणि तो वर आला. निळा, काळा, पुढे भाल्यासारखी चोच, सगळा हवेत. तुम्हाला लिहिलेलं हे वर्णन शब्दन्‌शब्द खरं आहे.

ह्यांनी रिळाची मूठ धरली. हात सुटला. पुन्हा धरली, पुन्हा सुटला. कप्तान ओरडतोय, गुंडाळा, गुंडाळा, आणि हे आपल्या उजव्या हाताकडे बघताहेत. वर्षानुवर्षं एकही खाडा न केलेला कामगार ऐन वेळी कामावर आला नाही तर बघतील, तसे. मी उठून जवळ गेले होते. त्यांनी मान वळवली.

“अगं, तू बस.”

“मी? अहो, मला काय येतंय त्यातलं?”

“बस लवकर. तो जाईल.”

मेव्हण्यानं ह्यांचा पट्टा सोडून मला बांधलं. वन्सं, खुर्चीत मी होते.

काठी हातात आली आणि मला वाटलं खांदे उपटून समुद्रात जाणार. कप्तान काय सांगत होता ते मला एक अक्षर कळत नव्हतं. हे माझ्या कानाशी वाकले. आधी पुस्तकातलंच सुचलं त्यांना. म्हणाले, “त्याच्या डोळ्याला डोळा भिडव.” मी म्हटलं, “अहो, तो तिकडे क्षितिजावर आहे, डोळा कुठून भिडवू?”  मग हे पुस्तकं बाजूला ठेवून पंप हाऊसमधल्या आवाजात बोलायला लागले. नव्या माणसाला मशीन शिकवताना लागायचा तो आवाज, शांत, एकसारखा. “हापसा मारतेस असं समज. काठी सावकाश वर ओढ. ओढताना गुंडाळायचं नाही. आता खाली सोड, सोडताना गुंडाळ. दाब बघ. ताण फार झाला की त्याला दोरी ने म्हणावं. हं. परत वर.”

ते सांगत होते आणि मी करत होते. कप्तानानं ओरडणं थांबवलं आणि तो फक्त बोट सांभाळू लागला. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. पत्रात ह्यांनी तीन तास लिहायला लावलं, मास्तरांसमोर ते चार झालेत. हाताला फोड आले, फुटले. मध्ये एकदा मासा सरळ खाली, तळाकडे गेला तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला, तो इथे लिहीत नाही. तुमच्या इंजिनरूममध्ये रोज वापरत असतील. मेव्हणा हसून हसून खाली बसला.

शेवटी मासा बोटीच्या कडेला आला. मेव्हण्यानं जाड हातमोजे घालून दोरी धरली. कप्तान म्हणाला, “ठेवायचा की सोडायचा? खुर्चीतल्या माणसानं सांगायचं.”

पत्रात दादांनी ताबडतोब “जा मित्रा!” म्हटलं आणि मासा सोडला. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, “ठेवायचा.” मला तो हवा होता. धक्क्यावरच्या त्या मोठ्या आकड्याला टांगून त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. आजवर माझ्या हातात आलं ते सगळं दुसऱ्याचं, धुऊन परत द्यायचं.  हे कडेला वाकले आणि चालतो तो डावा हात त्यांनी माशाच्या पाठीवर ठेवला. पाठीवर निळे पट्टे पेटल्यासारखे चमकत होते आणि एकेक करून विझत होते. हे एवढंच म्हणाले, “केवढा आहे गं.”

मग मी म्हटलं, “सोडा.”

तोंडातला गळ काढला. मेव्हण्यानं त्याची चोच धरून ठेवली आणि कप्तानानं बोट हळूहळू पुढे नेली, पाणी माशाच्या कल्ल्यांतून वाहावं म्हणून. थोड्या वेळानं त्यानं शेपूट हलवली. गेला. मी रडले, पण ते दुःखानं की रागानं, विचारू नका.

परतीच्या बसमध्ये पुढच्या बाकावरच्या माणसानं ह्यांची टोपी बघून विचारलं, “काही मिळालं का?” हे म्हणाले, “मी खुर्चीत बसलो होतो…” आणि पुढे सगळी गोष्ट सांगितली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर कुलूप उघडता उघडता त्यांनी विचारलं, “रागावलीस?” मी म्हटलं, “नाही.” “तिला असंच लिहू या? लहानपणापासून ती माझ्या तोंडून दुसऱ्यांच्याच गोष्टी ऐकत आली. एक माझी असू दे.” मी म्हटलं, “सांगा, लिहिते.”

म्हणून अक्षर माझं.

आता जे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते. उजवा हात बोटीवर अचानक गेला नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात शर्टाची गुंडी लागेना, तिथून सुरुवात झाली. मग कप पडायला लागले. मला वाटलं वय. आता त्यांना पुस्तकाचं पान उलटता येत नाही. मी शेजारी बसते, ते “हं” म्हणाले की उलटते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. नसांचा आजार आहे, स्नायू हळूहळू दुबळे होत जातात, त्यावर औषध नाही. उजवा हात झाला. डाव्याची सुरुवात आहे. मी विचारलं, पुढे? त्या चांगल्या बाई आहेत, नजर चुकवली नाही त्यांनी. म्हणाल्या, “बोलण्यावरही येईल. केव्हा, ते सांगता येत नाही.” गेल्या पंधरवड्यात दोन-तीन शब्द अडखळले. मास्तरांना वाटलं, भावना दाटून आल्या.

तुम्हाला कळवायचं नाही असं ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणाले, “कळलं की ती जहाज सोडून येईल. या घरातलं एक तरी माणूस समुद्रावर हवं.” मी वचन दिलं, आणि आज ते मोडते आहे. शब्दाला मी पक्की आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमची सुट्टी पावसाळ्यानंतर आहे आणि पावसाळ्यानंतर ह्यांचा आवाज असेल की नाही, हे मला कुणी सांगू शकत नाही.

तेव्हा या. जहाज सोडू नका, रजा काढा. रडायला येऊ नका, ते लगेच ओळखतील. त्या माशाची गोष्ट पत्रात कळली नाही, नीट ऐकायची आहे, असं म्हणून या. जेवायच्या टेबलाशी त्यांच्यासमोर बसा आणि त्यांना सांगू द्या. अडखळले तर शब्द पुरवू नका, थांबा. मासा पंधरा फुटांचा झाला तरी हरकत घेऊ नका. खुर्चीत तेच असतील आणि मासा त्यांनीच ओढून आणलेला असेल. माझ्याकडे बघून हसायचं नाही. मी तेव्हा भांडी घासत असेन.

मग गोष्ट संपली की जरा स्वयंपाकघरात या. दार लोटून घ्या. आणि मला विचारा, वहिनी, तो हवेत उडाला आणि काठी तुमच्या हातात आली, तेव्हा कसं वाटलं?

मला अजून कुणी विचारलेलं नाही.

दिलेला शब्द मोडून,
तुमची
वहिनी