सासूबाई, बर्फ आणि एक बेअरिंग

३ जानेवारी, शनिवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. यंदा फापटपसारा नाही. मुद्द्याचंच लिहायचं.

मुद्दा: सासूबाईंना बर्फ दाखवणे. आई आणि अण्णा, म्हणजे ऊर्मिलाचे आईवडील, सांगलीहून आलेत ते मुख्यतः त्यासाठीच. म्युनिकमध्ये मात्र नुसता गारठा. आईंचे गुडघे धड नाहीत, डोंगर चढणं शक्य नाही. पण बायकोच्या मैत्रिणीचा नवरा सेप याची डोंगरावर खाणावळ आहे, आणि वर माल न्यायला त्याच्याकडे स्नोमोबाइल आहे. बर्फावरची स्कूटरच. तिच्यावर बसवून आईंना थेट वर नेणार. शब्द दिलाय.

अडचण एकच. ती स्नोमोबाइल कण्हते. सेप म्हणाला, क्लचच्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय, मेकॅनिकला बोलावतो. मी म्हटलं, आल्झो, म्हणजे हे बघ, मी असताना मेकॅनिक कशाला? दुपारी स्वतः खोलून बेअरिंग काढून आणलं. सेपने कपाळाला हात लावला. भारावला असावा.

जेवताना अण्णांनी विचारलं, ऑफिसात तुम्ही बेअरिंगंच करता का? सांगितलं, मी रिक्वायरमेंट्स लिहितो. म्हणजे बेअरिंगने आवाज करू नये, असं लिहितो. अण्णा नुसतं 'अच्छा' म्हणाले. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला टेक्निकल गोष्टी चटकन कळत नाहीत.

६ जानेवारी, मंगळवार. सुट्टी.

जुनं बेअरिंग डायनिंग टेबलवर, खाली वर्तमानपत्र. ऊर्मिलाने तरी नाक मुरडलंच.

अण्णांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, यावर नंबर कोरलाय की! दुकानात न्यायचं आणि असंच द्या म्हणायचं. मला हसू आलं. असंच द्या हे गिऱ्हाईक म्हणतं. इंजिनिअर सिलेक्शन करतो. लोड, स्पीड, तापमान, ग्रीस, सील. एक्सेलमध्ये डिसिजन मॅट्रिक्स सुरू केलंय. इतकी वर्षं जर्मनीत काढली ती काय उगीच?

ऊर्मिला म्हणत होती, शनिवारी सगळे मिळून गोंडोलाने, तारेवरच्या पाळण्याने, वर जाऊन येऊया. छे! गोंडोलाने कुणीही जातं. आईंना मी नेणार.

संकल्प: शनिवारपर्यंत निवड पक्की.

१० जानेवारी, शनिवार

दिवसभर तळघरात लॅपटॉप घेऊन बसलो. वर कसलाही आवाज नाही. घरच्यांना कामाची कदर आहे म्हणायची.

संध्याकाळी वर आलो तर दारात तीन जोड बूट ओलेचिंब. आईंचे गाल लालबुंद. ऊर्मिला म्हणाली, जरा पाय मोकळे करून आलो. बाहेर रस्ते कोरडे ठणठणीत, मग हे कुठल्या डबक्यात गेले कोण जाणे! आईंना बजावलं, त्या गुडघ्यांनी इतकं चालायचं नाही. त्या म्हणाल्या, नाही हो देवदत्तराव, आता नाही जात. किती ऐकतात. अण्णा उगाच गालातल्या गालात हसत होते. थंडीने तसं होतं कधीकधी.

मॅट्रिक्स पूर्ण. पहिला नंबर: दोन ओळी गोळ्यांचं बेअरिंग. एका ओळीपेक्षा दोन ओळी बऱ्या, हे तर शेंबडं पोरही सांगेल. ऑर्डर दिली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

बेअरिंग आलं! काय चकाकतंय! आईंनी तिळगुळाबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. हा खरा मान.

१७ जानेवारी, शनिवार

बसेना. जागा पंधरा मिलिमीटरची, बेअरिंग वीसच्या वर. मॅट्रिक्समध्ये रुंदीचा कॉलम नव्हता. कारण रुंदी ही उघड गोष्ट आहे, आणि उघड गोष्टी कुणी लिहीत बसत नाही. दोष स्नोमोबाइलच्या डिझाइनचा. सेपला तसं सांगितलं. तो म्हणाला, या, या. म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. पटलं असावं.

आई-अण्णांचं विमान सव्वीसला. शब्द पाळायला हवा.

१९ जानेवारी, सोमवार

बेअरिंगच्या दुकानावरून सहज चाललो होतो. जुनं बेअरिंग योगायोगाने खिशात. दाखवलं. असंच द्या म्हटलं. पाच मिनिटांत मिळालं. अर्थात, मागे इतका अभ्यास होता म्हणून.

अण्णांना सांगायची गरज वाटली नाही.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी बेअरिंग बसवलं. सेपने विचारलं, सगळे पार्ट लागले ना? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर.

आई शाल, कोट, कानटोपी अशा जामानिम्यात मागे बसल्या. सेपने सुरू केली. कण्हणं बंद! अण्णांकडे एकदा नीट वळून पाहिलं.

पहिल्याच वळणावर खाडकन आवाज. पट्टा निसटला, गाडी ठप्प. मी धावलो आणि बर्फात सपशेल आडवा झालो. आई शांतपणे उतरल्या, तुरुतुरु चालत आल्या, हात दिला. म्हणाल्या, टाच आधी रोवा देवदत्तराव, मग घसरत नाही.

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

ऊर्मिला डोंगराकडे बघायला लागली. शेवटी अण्णा म्हणाले, सांगून टाका आता. मग ऊर्मिलाने सांगितलं, दहा तारखेलाच तिघं गोंडोलाने जाऊन आली होती. जावयाचा हिरमोड नको म्हणून गप्प बसायचं ठरलं होतं. आई तर आजच्यासाठी 'अगंबाई, हाच का तो बर्फ!' असं म्हणायची घरी तालीमही करत होत्या.

फोटो दाखवला. आई अण्णांना बर्फाचा गोळा मारताहेत. इतकं खळखळून हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तेव्हा मी तळघरात दोन ओळी मोजत होतो.

परत येताना रुमाल काढायला खिशात हात घातला तर बेअरिंग अडवून धरणारी सर्क्लिप हाताला लागली. आईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, स्पेअर आहे.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, काही म्हणा, गोंडोलाच्या तिथे नुसती गर्दी होती. खरा बर्फ तुम्हीच दाखवलात हो.

मला ते पटलं.