फळीपर्यंत हात पोचावा म्हणून

ती. ताईस, धाकट्या भावाचा, गुडघे परवानगी देतील तितका खाली वाकून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? दाजी अजून वर्तमानपत्रावर मोठ्याने चिडतात ना? चिडत असतील तर तब्येत उत्तम आहे असं समजतो. इकडे सगळे मजेत, मी सोडून.

झालं असं, की दुकानात वरच्या फळीवरून सुटिंगचा तागा काढताना मी स्टुलासकट खाली आलो. लागलं फारसं नाही (ताग्यावरच पडलो, कापड भारी होतं), पण नेमके चिरंजीव डबा घेऊन दारात उभे. तेव्हापासून घरात एकच धोशा, दुकान बंद करा. नानांनी उभं केलेलं दुकान! तू नि मी त्या कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत लोळून मोठे झालो. ते बंद करून मी काय गॅलरीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या पँटींची उंची अंदाजत राहू? बरीच हुज्जत झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "महिनाअखेरीला माझ्यासमोर, स्टूल न घेता, तागा वर ठेवून दाखवा. मग दुकानाबद्दल चकार शब्द काढणार नाही." आता ती फळी नानांनी स्वतःच्या उंचीला लावलेली, आणि नानांची उंची आपल्या दोघांच्याही वाट्याला आली नाही. चवड्यांवर उभा राहिलो तर कसाबसा पोचतो, पण हातात तागा असला की दंड लटपटतात. म्हणून जिम शोधायला निघालो.

पहिली जिम बँकेच्या वरच्या मजल्यावर. चारही भिंतींना आरसे. ताई, इतकी वर्षं मी माझे शर्ट स्वतः शिवतोय, पण माझी पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. (दुकानात आरसा आहे, पण त्याच्यापुढे गिऱ्हाईक उभं राहतं.) डावा खांदा चक्क उतरलाय आणि मागे ही एवढी चूण! यंत्रं राहिली बाजूला, मी आपला वळून वळून ती चूणच बघत बसलो. तेवढ्यात तिथला शिक्षक (दंड असे, की बाह्यांना वेगळं कापड घ्यावं लागेल) माझं माप घ्यायला आला. त्याने कमरेभोवती टेप गुंडाळली आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दोन बोटं सैल ठेवा." त्या बिचाऱ्याने ठेवली. ते माप संगणकात गेलं, मी लठ्ठ ठरलो, आणि त्याने मला जागच्या जागी पळायच्या पट्ट्यावर चढवलं. ते म्हणजे आपलं पायमशीनच, फक्त पाय दमले तरी शिवून काही निघत नाही.

दुसरीकडे यंत्रं नव्हती, नुसत्या चटया. मऊ आवाजाच्या एक बाई म्हणाल्या, अंगाचा सगळा भार जमिनीला देऊन टाका. मी दिला. जाग आली तेव्हा पुढच्या तासाच्या बायका माझ्या भोवती चटया अंथरून बसल्या होत्या. झोप झकास लागली, पण ताग्याला तिचा काय उपयोग?

तिसरी हार्डवेअरच्या गोदामामागे. ती चालवणाऱ्या बाईंनी माझं वजन, वय काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "काय उचलायचंय?" ताई, हे विचारणारं पहिलंच माणूस! मी तसाच दुकानात गेलो आणि तागा खांद्यावर टाकून घेऊन आलो. त्यांनी तो मला चार वेळा उचलायला लावला, मान हलवली आणि सांगितलं, जमेल, पण एका महिन्यात नाही. मला वाईट वाटलं, तरी नाव घातलं. रोज जातो, आणि खरं सांगू, मजा येते.

पत्र इथे आवरतो, कारण दंड भरून आलेत आणि अक्षराला चुण्या पडायला लागल्यात.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. फळी वीतभर खाली घ्यायला मी सुताराला निरोप धाडलाय. चिरंजीव तुझ्याखेरीज कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना शंका आली आणि तुला फोन केला, तर फळी नानांच्या वेळेपासून तिथेच आहे असं ठणकावून सांग. एवढं भावासाठी कर.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात सुतार आला. काम ऐकून हसायलाच लागला. म्हणाला, "कालच तुमच्या मुलाने हेच काम सांगितलंय. फळी वीतभर खाली घ्या, पण बाबांना कळता कामा नये." तेव्हा ताई, आता तो विचारो की मी, दोघांनाही तेच सांग. फळी पहिल्यापासून तिथेच होती. सुतार टेप घरी विसरून आलाय, आणि वीत कोणाची धरू म्हणून अडून बसलाय. मी म्हटलं, मुलाची धर. पंजा त्याला नानांचा मिळालाय.