गुरुपुष्यावरची सही

वेंटवर्थव्हिल, १४ जुलै २०२५

ती. चित्रलेखाआत्यास नीरजाचा सा. न. वि. वि.

मी जेपी (जस्टिस ऑफ द पीस) झाले, म्हणजे सरकारमान्य साक्षीदार. परीक्षा झाली, शपथ झाली, शिक्का आला. आता दर शनिवारी वाचनालयात टेबल मांडून लोकांच्या कर्जाच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही करते, तीही फुकट. आई म्हणते, फुकटची कामं शोधण्यात मी बाबांवर गेले आहे.

तुझ्या सलिलचा फोन होता. नोकरीसाठी मेलबर्नला जातोय, तिथे टार्निटला मोठं घर घेतोय, आणि त्या कर्जाला तुझं केलीव्हिलचं घर तारण ठेवणार म्हणे. तू राजी असशील तर त्याच्याबरोबर ये आणि माझ्यासमोर सही कर.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझी नीरजा

केलीव्हिल, २५ जुलै २०२५

चि. नीरजास अ. उ. आ.

माझा फोन सलिलने गाडीला जोडलाय, बोललेलं सगळ्या गाडीला ऐकू जातं, म्हणून पत्र. तुझं फार कौतुक वाटलं. काल गुरुपुष्य होता, तेव्हा सही देवासमोर बसून उरकून टाकली आणि कागदांना हळदकुंकू वाहिलं. जरा जास्तच सांडलं. पुढच्या शनिवारी सलिल कागद आणेल. त्याला दुसरा साक्षीदार चालणार होता, पण मी सांगितलं, शिक्का मारेल तर आमची नीरजाच.

माझ्या गुडघ्याची चौकशी राहिली, ती पुढच्या पत्रात कर.
तुझी आत्या

वेंटवर्थव्हिल, ३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न.

गुडघा कसा आहे? काल मी कागद परत पाठवले. समोर न केलेल्या सहीला मी साक्षीदार होऊ शकत नाही. शिवाय तुझं नाव कुंकवाखाली गेलंय. सलिलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग भांडी घासताना आठवलं, तू सांगलीच्या नोंदणी कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काढलीस. घरून सही करून आलेल्यांना तू दारातूनच परत धाडायचीस, हे बाबांनी शंभरदा सांगितलंय. आणि नात्यातल्यांचे कागद मी घेऊ नयेत, हे मला काल वाचून कळलं, तुला आधीपासून माहीत असणार. आत्या, तुला घर तारण ठेवायचंच नाहीये ना?

आता सलिल तुला परक्या साक्षीदाराकडे नेईल. तिथे हळदकुंकू चालणार नाही. तो विचारेल, स्वखुशीने सही करताय का. खरं ते सांग.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी नीरजा

केलीव्हिल, १७ ऑगस्ट २०२५

चि. नीरजास अ. उ. आ.

पकडलंस. एकुलत्या एका मुलाला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून तुला पुढे केलं. चुकलंच माझं. हे गेल्यापासून मला या घराचाच आधार आहे. तेही गेलं तर कुठे जाऊ, ही भीती सलिलला सांगायची लाज वाटत होती.

काल गेलो. साक्षीदार म्हणजे टक्कल पडलेले एक आजोबा. त्यांनी स्वखुशीचं विचारलं. सलिल शेजारीच उभा होता. मी नाही म्हटलं. आधी इंग्रजीत म्हटलं, मग मराठीत, सलिलला नीट कळावं म्हणून.

परतताना त्याने गाडी वळवली. मग तुमच्या वेंटवर्थव्हिलला थांबून माझ्यासाठी खारी घेऊन आला आणि म्हणाला, नो वरीज आई, लहान घर बघतो. मला रडू आलं, त्यालाही.

गुरुवारी पुन्हा गुरुपुष्य आहे. तोवर लहान घराचे कागद आले, तर त्यांना हळदकुंकू मीच वाहणार, सही मात्र त्याची एकट्याची.

तुझ्या शिक्क्याची शाई आणि आपली माया, दोन्ही आटू देऊ नकोस.
तुझी आत्या